तोंडी जबाब

१२ जानेवारी

ही वही मी दुकानातून पैसे देऊन आणली. शाळेच्या भांडारात अशा साठेक वह्या पडून आहेत, पण आजपासून तिथली टाचणीसुद्धा घरी आणायची नाही. पत्रच तसं आलं आहे.

मुख्य कार्यालयाचं पत्र, दोन पानी. आमच्या शाळेत चार वर्षांपूर्वी नेमलेल्या तिघांच्या नेमणुका बेकायदेशीर आहेत. जाहिरात नाही, मुलाखती नाहीत, वरची मंजुरी नाही. जी नेमणूक कायद्याने झालीच नाही तिचा पगार देणं म्हणजे सरकारी पैसा वाटणं. हा पैसा ज्याच्या सहीने गेला त्याच्याकडून तो का वसूल करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. खाली माझा हुद्दा: प्रभारी मुख्याध्यापक. सहा वर्षं झाली, हे 'प्रभारी' काही सुटत नाही. पगार शिक्षकाचा आणि सही मुख्याध्यापकाची.

अठ्ठेचाळीस महिने, तिघांचे पगार. बेरीज करायला घेतली आणि अर्ध्यावर पेन्सिल ठेवून दिली. जूनअखेर मी निवृत्त होणार आहे.

हिला अजून सांगितलं नाही. जेवताना "पोट ठीक नाही" म्हणालो.

१३ जानेवारी

आज मोठ्या बाबूंना घेऊन फाइल काढली. मोठे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. बहिऱ्या मुलांची शाळा असल्यामुळे इथे प्रत्येकाला मुलांनी ठेवलेलं खुणेचं नाव आहे. बाबूंचं नाव 'शिक्का', तळहातावर मूठ आपटायची. माझं 'चष्मा'. त्या तिघांपैकी जी शिक्षिका आहे ती 'वेणी'. ती स्वतः जन्मापासून बहिरी आहे. दुसऱ्या म्हणजे वसतिगृहातल्या मावशी आणि तिसरे सुतारकामाचे मास्तर, बाबूंचे साडू.

तेव्हा काय झालं ते मला स्वच्छ आठवतं. दोन वर्गांना शिक्षक नव्हता. आमच्या विभागाच्या साहेबांचा फोन आला, "माणसं पाठवतोय, लावून घ्या. मंजुरी मागून येतेय, पगार सुरू करा." पगारबिलात मंजुरीच्या क्रमांकाची जागा रिकामी होती. बाबूंनी पेन्सिलीने एक क्रमांक लिहिला आणि म्हणाले, "तात्पुरता घालतो, खरं पत्र आलं की बदलू." मी सही केली.

पण आज फाइलीत मंजुरीचं पत्रच निघालं, त्याच क्रमांकाचं. मी म्हणालो, "बाबू, पत्र तर कधी आलंच नव्हतं ना?" ते हसले. "सर, तुम्हीच तर पाहिलं होतं. होतं असं कधी कधी. वय झालं." असेलही. त्या पत्राचा कागद शेजारच्या कागदांपेक्षा चांगला पांढरा राहिला आहे. बाबू फाइली जपतात, हे मान्य करायला हवं.

१७ जानेवारी

मावशी आणि सुतार मास्तर दोघं परवापासून येत नाहीत. मास्तरांनी तर महिन्याभरापूर्वीच हत्यारांची पेटी घरी नेली होती, म्हणजे पत्र यायच्या आधीच. नशीबवान माणूस.

वेणी येते. तिला मी पत्राचं सांगितलं. तिने हातांनी विचारलं, "मी काही चुकीचं केलं का?" मी म्हणालो, "नाही." मग विचारलं, "तुम्ही?" मी म्हणालो, "कागदाची चूक आहे." ती म्हणाली, "मग या महिन्याचा पगार नको मला. मुलांना मध्येच सोडता येणार नाही." आणि वर्गावर गेली.

तिच्या वर्गात एक सात वर्षांची मुलगी आहे. घरात कुणाला खुणा येत नाहीत, म्हणून ती शाळेत आली तेव्हा तिच्याकडे एकही शब्द नव्हता. तहान लागली की भिंतीवर डोकं आपटायची. तिसऱ्या आठवड्यात वेणीने तिला 'पाणी' शिकवलं. त्या दिवशी ती पोर अकरा पेले पाणी प्यायली, तहान नसताना, फक्त मागितलं की मिळतं म्हणून. आज तीच मुलगी मला जिन्यात अडवून सांगत होती की चष्म्याच्या बुटाचा बंद सुटला आहे.

२ फेब्रुवारी

साहेबांना भेटायला गेलो. ते आता वरच्या मजल्यावर बसतात, खोलीला दोन दारं आहेत. सव्वादोन तास बाकावर बसलो. आत गेलो तर इतके आपुलकीने बोलले की बरं वाटलं. चहा मागवला, हिच्या गुडघ्याची चौकशी केली. मी फोनची आठवण दिली तेव्हा म्हणाले, "अहो सर, मी असं फोनवर सांगेन का? तुम्ही इतके जुने माणूस, नियम तुम्हाला माहीत. काहीतरी गैरसमज झाला असणार तुमचा." निघताना खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका. चौकशी होऊ दे, सत्य बाहेर येईल."

चौकशीसाठी ते स्वतः आपल्या विश्वासातला माणूस पाठवणार आहेत. म्हणजे साहेब माझ्या पाठीशी आहेत. हिला आज सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी कानावर हात ठेवले आणि तुम्ही चहा पिऊन आलात?" बायकांना कचेरीतलं बोलणं कळत नाही.

८ फेब्रुवारी

मेहुणे आले होते. ते वकील आहेत. मेहुण्याला फी द्यावी लागत नाही, पण दोन वेळचं जेवण आणि वर सल्ला ऐकण्याची शिक्षा असते.

त्यांनी कायदा उलगडून सांगितला. "माणसाने काम केलं असेल तर दिलेला पगार त्याच्याकडून सहसा परत घेत नाहीत. काम तर झालं ना! मग पैसे भरायचे कोणी? ज्याने अधिकार नसताना दिले त्याने. म्हणजे दाजी, तुम्ही. पेन्शनमधून, ग्रॅच्युइटीतून, आणि नाही पुरलं तर या घरातून."

हिने विचारलं, "दुसरा काहीच मार्ग नाही?"

"एक आहे. नोकरी मिळवताना त्या माणसाने स्वतः फसवलं असेल, खोटा कागद आणून दिला असेल, तर वसुली त्याच्याकडून. मग दाजी फसलेले ठरतात, फसवणारे नाही."

"पण वेणीने कुठे काय आणून दिलंय?" ही म्हणाली.

मेहुण्यांनी हात धुतले आणि टॉवेल मागितला.

२० फेब्रुवारी

बाबू माझ्यासाठी जीव टाकतात. आज जेवणाच्या सुट्टीत दार लावून बसले. म्हणाले, "सर, आवक वहीत त्या मंजुरीपत्राची नोंद नाही. म्हणजे ते टपालाने आलं नाही, कुणीतरी हातोहात आणून दिलं."

"कुणी?"

"ते तुम्ही आठवा. सुतार मास्तर तर परगावी गेले, पत्ता नाही. मावशींना लिहितावाचता येत नाही. उरलं कोण?" मग उठता उठता म्हणाले, "बिचारीला ऐकू येत नाही म्हणून कुणी तिला फार त्रास देणार नाही. सरकारलाही दया असते. तुम्हाला मात्र कुणी सोडणार नाही."

मी त्यांना चालते व्हा म्हणालो. खरंच म्हणालो. ते गेल्यावर दार उघडं टाकून बसलो.

३ मार्च

चौकशी झाली. वेणीचा जबाब झाला. बरा झाला. डोकं दुखतंय.

४ मार्च

सकाळच्या हजेरीला मोठ्या वर्गातली बरीच मुलं खाली मान घालून उभी होती. परीक्षा जवळ आली आहे. शिवाय गावात ताप चालू आहे.

६ मार्च

लिहून टाकतो. इथे कुणी वाचणार नाही.

चौकशी अधिकारी अकराला येणार ते अडीचला आले. सतत घड्याळ बघत होते. चित्रकलेच्या खोलीत बसवलं. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी व्हरांड्याच्या खिडकीकडे पाठ केली. त्यांच्या शेजारी जबाब लिहून घेणारा कारकून. टेबलाच्या अलीकडे वेणी, तिच्या शेजारी मी.

दुभाष्या यायचा होता, आला नाही. अधिकारी म्हणाले, "तुम्हाला येते ना यांची भाषा? मग तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "साहेब, या प्रकरणात मी स्वतः आहे."

"आहात. पण दुसरं कोण आहे?"

कुणी नव्हतं. बाकीचे दोन शिक्षक बदलीवर आलेले, त्यांना 'बसा', 'उठा' आणि 'गप्प' एवढ्याच खुणा येतात. 'गप्प' का शिकले, देव जाणे. वेणीने पर्समधून पेन काढलं आणि लिहून देते अशी खूण केली. अधिकारी म्हणाले, "हा तोंडी जबाब आहे बाई, तोंडीच हवा. मला चारची गाडी आहे." कारकून हसला. मी तिला सांगितलं, लिहायचं नाही. तिने पेन परत ठेवलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, की तुम्ही आहात ना.

पहिले प्रश्न साधे होते. शिक्षण, नेमणुकीची तारीख, रोज काम केलं का. ती सांगत होती, मी बोलत होतो. मग त्यांनी फाइल उघडून ते पांढरं पत्र पुढे सरकवलं. "याच्यावरचा क्रमांक खोटा आहे. असं पत्र कार्यालयातून निघालंच नाही. विचारा, हे कुणी आणलं?"

मी विचारलं, अगदी नीट विचारलं.

तिने पत्र वाचलं आणि हात उचलले. तिची खूण फार स्वच्छ असते, घाई नसते. ती म्हणाली, "हे मी आज पहिल्यांदा पाहते आहे. मी सरांना विचारलं होतं, मंजुरी आली का. ते म्हणाले, आली, तू शिकव."

खरं आहे. चार वर्षांपूर्वी जिन्याखाली मी तिला असंच म्हणालो होतो. ती नोकरी सोडून जाईल या भीतीने म्हणालो होतो.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "काय म्हणते?"

वेणी ओठ वाचते. हे माझ्या लक्षात होतं, आणि लक्षात होतं हेच लिहायचं आहे. मी खुर्ची जराशी वळवली, तिच्याकडे पाठ येईल अशी, आणि तोंड पूर्ण अधिकाऱ्यांकडे केलं.

"ती म्हणते, पत्र तिनेच आणून दिलं. कुणाकडून आणलं ते आठवत नाही."

कारकुनाने लिहून घेतलं. माझा आवाज कापला नाही. आदल्या दिवशी घरी आरशापुढे मी असं काही म्हणून बघितलं नव्हतं, शपथेवर सांगतो, पण वाक्य तयार होतं.

कारकुनाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. सहीसाठी कागद तिच्यापुढे आला तेव्हा तिने दोन ओळी लावायचा प्रयत्न केला, मग मला विचारलं, "मी सांगितलं तसंच आहे ना?" मी मान हलवली. तिने सही केली.

खिडकीबाहेर कवायतीहून परतलेली मोठी मुलं घोळका करून उभी होती. शिपाई त्यांना हुसकत होता. त्यांचं काही नाही, परका माणूस आला की बघतातच.

११ मार्च

मी ओठ वाचण्याचा तास घेतो, तीस वर्षं घेतो आहे. या शाळेतलं प्रत्येक मूल ओठ वाचायला माझ्याकडून शिकलं. आज तासाला कुणी प्रश्नच विचारला नाही. दहावीतल्या एकाला उभा केला आणि आवाज न करता म्हणालो, "आज वार कोणता?" तो माझ्या तोंडाकडे फार वेळ बघत राहिला आणि उत्तर न देता बसला. या मुलाचं लक्ष हल्ली कुठे असतं कळत नाही. त्याच्या बापाला बोलावणं धाडलं पाहिजे.

वेणी मधल्या सुट्टीत हसत आली. निकाल कधी लागणार म्हणून विचारत होती. तिच्या आईने नवस वगैरे काही केला नाही, पण कॅलेंडरवर तारखा खोडायला सुरुवात केली आहे म्हणाली.

ही माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तिला जबाबाचं काही सांगितलेलं नाही. फक्त म्हणालो, "आता घर जाणार नाही." तिने विचारलं, "का जाणार नाही?" मी पेपर उघडला. तेव्हापासून असं.

२ एप्रिल

हुकूम आला, छापील, पाच पानी.

एक: तिन्ही नेमणुका पहिल्या दिवसापासून रद्द. दोन: शिक्षिकेने बनावट पत्र आणल्याचं जबाबात मान्य केल्यामुळे तिच्याविरुद्ध पोलिसांत फिर्याद द्यावी. तीन: पत्र कुणीही आणलेलं असो, त्याची खातरजमा केल्याशिवाय पगारबिलावर सही करणारा अधिकारी व्यक्तिशः जबाबदार आहे. संपूर्ण रक्कम त्याच्याकडून वसूल करावी.

तिसरं कलम मी चार वेळा वाचलं. मेहुण्यांना फोन केला. ते म्हणाले, "हो, असा अर्थ लावता येतो खरा. मी शक्यता सांगितली होती, दाजी, खात्री नव्हती दिली."

म्हणजे मी तिला विकलं आणि किंमतही मिळाली नाही.

हुकुमाची एक प्रत तिच्या नावाची होती. छापील अक्षर तिला स्वच्छ वाचता येतं. साडेबाराला ती माझ्या खोलीत आली. दुसऱ्या पानावर एका ओळीवर बोट ठेवलं: 'जबाबात मान्य केल्यामुळे'. मग पहिलीतल्या मुलाशी बोलावं तशा सावकाश खुणा केल्या.

"मी. कधी. म्हटलं?"

माझे हात टेबलावर होते. ते उचलता येईनात.

ती थांबली. तिला थांबता येतं, तिचा धंदाच तो आहे. मग म्हणाली, "मुलांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. खिडकीतून तुमचे ओठ दिसत होते. मी त्यांना रागावले. म्हटलं, चुकीचं वाचलंत, सरांबद्दल असं बोलायचं नाही. दहावीतल्याला तर मी मारलं. कधी मारत नाही, त्याला मारलं."

तिने कपाट मोकळं केलं, किल्ली बाबूंच्या टेबलावर ठेवली. बाबूंनी पोच लिहून घेतली.

मी तोंड फिरवलं ते तिच्यापासून लपावं म्हणून, आणि वळवलं नेमकं कुठे!

५ एप्रिल

हिला ही वही वाचायला दिली. सहा मार्चपर्यंत वाचून तिने ती मिटली. "पुढचं वाचू का?" म्हणाली. मग म्हणाली, "घर गेलं तर भाड्याने राहू. पण हे असं तुमच्याबरोबर मला कसं राहता येईल, ते सांगा."

तीन पानी अर्ज लिहिला. मी जबाब चुकीचा सांगितला, जाणूनबुजून सांगितला, ती निर्दोष आहे. बाबूंनी त्याला जावक क्रमांक द्यायला नकार दिला. "हा शाळेचा पत्रव्यवहार नाही, सर. आणि पत्र तिने नाही आणलं तर कुणी आणलं, हा प्रश्न परत उभा राहील. कशाला?" ते पहिल्यांदाच माझ्याशी हसल्याशिवाय बोलले.

९ एप्रिल

अर्ज घेऊन स्वतः गेलो. चौकशी अधिकाऱ्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, हे मी कसं ठरवू?"

"आता खरं सांगतोय."

"तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला असतात. पैसे तुमच्याकडूनच वसूल होणार हे ठरलं, आता निदान पोरीला वाचवू, असा तुमचा विचार दिसतो. चांगला आहे, पण पुरावा नाही."

"तिचा पुन्हा जबाब घ्या. दुसरा दुभाष्या बोलवा."

"ती आता काय सांगेल ते आम्हाला माहीत आहे. आरोपी नाहीच म्हणतो. त्या दिवशी ती काय म्हणाली आणि तुम्ही काय बोललात, दोन्ही पाहिलेला कुणी तिसरा आहे? असेल तर आणा. मी प्रकरण पुन्हा उघडतो. नसेल तर अपील करा, वर्ष-दीड वर्ष लागेल. फिर्याद सोमवारी दाखल होईल."

आहेत, म्हणालो. तिसरे आहेत, वीसेक आहेत. ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसे बघायला लागले. मी जवळजवळ पळतच बाहेर आलो. किती दिवसांनी मला भूक लागली होती.

१० एप्रिल

सकाळी दहावीच्या वर्गात गेलो. हजेरी घेतली नाही. फळ्यासमोर उजेडात उभा राहिलो, सगळ्यांना हात दिसतील असा. वाक्य ठरवून गेलो होतो: तुम्ही जे वाचलंत ते बरोबर वाचलंत. माझ्याबरोबर या आणि साहेबांना सांगा.

हात वर केले. पहिल्या बाकावरच्या मुलाने, ज्याला वेणीने मारलं होतं त्याने, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

मला वाटलं डोळ्यात काही गेलं. मग त्याच्या शेजारच्याने मिटले, मग मागच्या बाकाने. गोंधळ नाही, इशारा नाही. एकेक करून अख्ख्या वर्गाने डोळे मिटून घेतले. हात मांडीवर, पाठ ताठ, मी शिकवलं तसे बसलेले. ऐकू येणाऱ्या माणसाला नको असलेलं बोलणं थांबवायला कानात बोटं घालावी लागतात. यांना एवढंच करायचं असतं.

मी पाय आपटला. जमिनीची थरथर त्यांना कळते. कुणी हललं नाही. एकाच्या खांद्याला हात लावला, त्याने खांदा काढून घेतला. मग मी तोंडाने बोलायला लागलो, मोठ्याने, ओरडून, माफी मागितली, हात जोडले. शेजारच्या वर्गातून चित्रकलेचे शिक्षक काय झालं म्हणून धावत आले. त्या अख्ख्या मजल्यावर माझं ऐकायला तेवढेच एक होते, आणि ज्यांना ऐकवायचं होतं त्यांच्यापर्यंत एकही शब्द पोचत नव्हता.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. कोपऱ्यातल्या एका मुलीने एक डोळा किंचित उघडला. माझे हात आपोआप वर गेले.

मी गेलो का, एवढंच तिने पाहिलं. गेलो नव्हतो. तिने डोळा परत मिटला.